पंच आणि पानक : बीड जिल्ह्यातील लिंबू-मोसंबीच्या मिश्रपेयाचा शब्देतिहास

१. विषयप्रवेश

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गेवराई तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास आंबे बहाराची मोसंबी तोडणीस येते. त्या दिवसांत घरी पाहुणा आला म्हणजे मोसंबीचा रस काढावा, त्यास आंबटपणा कमी पडतो म्हणून एखादे कागदी लिंबू पिळावे, साखर विरघळवून गार पाणी घालावे, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड व चिमूटभर सैंधव टाकून पेला पुढे करावा, यात कोणास काही विशेष वाटत नाही. घरात या पेयास 'सरबत' असे म्हणतात. त्याच पेल्यात मद्याचा एक भाग मिसळला की नाव पालटते. सरबत जाऊन 'कॉकटेल' होते आणि ते पेय परदेशी ठरते. शहरांतून अशी पेये घरीच करण्याची हौस अलीकडे वाढली आहे, आणि त्यांत हंगामी फळे वापरणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी कल्पना होय, असा समज सर्वत्र रूढ आहे.

हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लिंबूवर्गीय फळांचे मद्ययुक्त मिश्रपेय हे मुळात भारतीय घरातील पानक असून त्यात एक वस्तू बाहेरून येऊन मिसळली. ही घडामोड सतराव्या शतकात किनाऱ्यावरील वखारींत झाल्याचे लेखी पुरावे आहेत. त्या पेयातील घरचे काय व बाहेरचे काय, हे मात्र वखारींच्या कागदपत्रांपेक्षा बीडसारख्या अंतर्भागातील जिल्ह्यात आजही बोलल्या जाणाऱ्या शब्दांवरून अधिक स्पष्ट होते. म्हणून येथे प्रथम वखारींतील पुरावा पाहून नंतर बीडच्या शब्दांकडे वळणे इष्ट होईल.

२. 'पंच' : नाव आणि वस्तू

इंग्रजी 'पंच' या पेयनामाचा आजवर ज्ञात असलेला पहिला लेखी उल्लेख १६३२ सालचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स या नोकराने कोरोमंडल किनाऱ्यावरून आपल्या सहकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात तो येतो. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने वखारीतील 'पालेपुंत्झ' नावाच्या पेयाचे घटक दिले आहेत : मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. 'पालेपुंत्झ' हे 'बोल ऑफ पंच' या इंग्रजी शब्दसमूहाचे परक्या कानाने केलेले रूपांतर होय. १६५८ ते १६६८ या काळात भारतात असलेला फ्रेंच वैद्य बर्निये त्याच पेयास 'बुलेपाँज' म्हणतो. गुळापासून गाळलेली दारू, लिंबाचा रस, पाणी व थोडे किसलेले जायफळ असे त्याचे स्वरूप सांगून, ते चवीस बरे पण प्रकृतीस घातक असल्याचा अभिप्राय देतो. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७२ मध्ये हिंदुस्थानाकडे निघाला आणि १६७५ मध्ये घाट चढून जुन्नरपर्यंत आला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात गोव्याकडील दारूचा निर्देश करून तो सांगतो की, पाच घटकांमुळे या पेयास हिंदुस्थानी भाषेतील पाच या अर्थाच्या शब्दावरून नाव पडले.

फ्रायरची ही व्युत्पत्ती पुढे यूल व बर्नेल यांनी आपल्या १८८६ च्या कोशात उचलून धरली व ती सर्वमान्य झाली. तिच्यावर इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'पंच' या शब्दातील इंग्रजी स्वराचा उच्चार १६३२ च्या सुमारास आजच्यासारखा 'अ'कडे झुकलेला नसून बहुतांशी ऱ्हस्व 'उ'सारखा होता. मग 'पंच' ऐकणाऱ्याने तो स्वर का लिहावा? शिवाय गलबतांवर मद्य साठविण्याच्या पिंपास 'पंचन' अशी इंग्रजी संज्ञा होतीच. मांडेल्स्लो व बर्निये यांच्या याद्यांत प्रत्येकी चारच घटक आहेत, ही अडचणही राहते.

या आक्षेपांचे वजन मान्य करूनही दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक अशी की, घटकांच्या संख्येवरून पदार्थास नाव देण्याची रीत आपल्या भाषांत अत्यंत जुनी आहे. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य, त्रिफळा, त्रिकटू ही नावे मराठी घरात नित्याची आहेत. इतकेच नव्हे, तर देवाच्या पंचामृताव्यतिरिक्त चिंच-गूळ-तीळ घालून केलेले जेवणातील आंबटगोड पंचामृतही याच नावाने ओळखले जाते. संख्या मागे पडून नावच रूढ होते, हेही त्यावरून दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नावाची व्युत्पत्ती कोणतीही ठरो, वस्तूची घडण वादातीत आहे. मांडेल्स्लोच्या यादीतून मद्यार्क वगळला तर लिंबू, साखर व गुलाबपाणी उरते. बर्नियेच्या यादीतून दारू काढली तर लिंबू, पाणी व जायफळ उरते. हे जे उरते त्यास या देशातील कोणत्याही घरात सरबत अथवा पानक असेच म्हणतील. वखारीतील परदेशीयांनी नवे पेय शोधले नाही; समोर आलेल्या पेयात त्यांनी आपली गरज मिसळली.

'कॉकटेल' या शब्दाची परंपरा याहून निराळी आहे. १८०६ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्राने या शब्दाची जी व्याख्या छापली तीत मद्य, साखर, पाणी व कडू अर्क एवढेच घटक आहेत. लिंबाचा पत्ताही नाही. जेरी टॉमस याच्या १८६२ च्या पेयविषयक पुस्तकात पंचांचे प्रकरण स्वतंत्र व मोठे आहे. आज ज्यास लिंबूवर्गीय कॉकटेल म्हणतात ते वंशाने पंच होय. आडनाव मात्र त्याने दुसऱ्या घराण्याचे घेतले आहे.

३. आंबट फळांची नावे

पानकाची परंपरा किती मागे जाते? कौटिलीय अर्थशास्त्रात आंबट फळांच्या वर्गात मातुलुंगाची गणना आहे. चरकसंहितेत मातुलुंगाचा केसर ज्या विकारांवर सांगितला आहे त्यांत मद्यविकारही येतो. म्हणजे आंबट फळ मद्यात न घालता मद्यावरील उतारा म्हणून योजले आहे. बीडचा प्रदेश ज्यांच्या अमलाखाली होता त्या कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात अन्नभोगाबरोबर पानीयभोगाचेही विवेचन असून कोणत्या ऋतूत कोणत्या जलाशयाचे पाणी प्यावे, इतका सूक्ष्म विचार केला आहे. पेयाचा ऋतूशी संबंध जोडणे ही कल्पना या भूमीला नवी नाही, हे सांगावयास एवढा दाखला पुरे.

आता फळांची नावे पाहू. मातुलुंगापासून आलेले 'महाळुंग' हे मराठी नाव 'महा' या शब्दाच्या ओढीने घडले आहे. 'लिंबू' या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संस्कृतातील 'निंबू', 'निंबूक' ही रूपे उत्तरकालीन असून तो शब्द मूळचा आर्य नसावा, असे विद्वानांचे मत आहे. मराठीत आरंभीच्या 'न'चा 'ल' व 'ल'चा 'न' होणे अपरिचित नाही : 'नवनीता'चे 'लोणी' झाले, 'लांगला'चा 'नांगर' झाला. त्याच प्रवृत्तीने 'निंब' व 'निंबू' यांचे 'लिंब' व 'लिंबू' झाले. आणि कडू झाड व आंबट फळ यांची गल्लत टाळण्यासाठी पहिल्यास 'कडू' हे विशेषण जोडून 'कडुलिंब' करावे लागले. फारसीत 'लीमू', अरबीत 'लैमून', जुन्या फ्रेंचमध्ये 'लिमोन', असा प्रवास करून हाच शब्द 'लेमन' या रूपाने इंग्रजांच्या तोंडी परत आला. 'नारिंग' शब्दाचेही तसेच. त्याचे मूळ द्राविडी. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज' या वाटेने तो युरोपात गेला व आद्य 'न' गमावून 'ऑरेंज' झाला.

'मोसंबी' या शब्दाचा प्रवास उलट दिशेचा आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक या पोर्तुगीज ठाण्यावरून हे नाव पडले. फळ मात्र मूळचे तेथील नव्हे. गोड नारिंगाच्या जातीचे हे झाड आद्यतः चीनकडील. नाव सांगते ते जन्मस्थान नव्हे, वाट. हिंदीत या नावाचे 'मौसमी' झाले आणि ऐकणाऱ्यास त्यात 'मौसम' दिसू लागला. लोकव्युत्पत्तीचे याहून सुंदर उदाहरण क्वचितच मिळेल. गंमत अशी की, अरबी 'मौसिम' हा शब्दही दर्यावर्दी लोकांचाच. त्यावरूनच पोर्तुगीजांच्या द्वारा इंग्रजी 'मान्सून' निघाला व मराठीत 'मोसमी वारे' आले. ज्या वाऱ्यांवर ते फळ समुद्र ओलांडून आले असेल त्या वाऱ्यांचे नाव लोकांनी नकळत त्यास चिकटविले.

ही चूक व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक असली तरी व्यवहाराच्या दृष्टीने खोटी नाही. मोसंबीचा रस काढून ठेवला असता काही वेळाने कडू होऊ लागतो. सालीखालील पांढरा भाग, पडदे व बिया यांतील द्रव्यापासून आम्ल रसात लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होणे हे त्याचे कारण. म्हणून जाणती गृहिणी फळ दाबून चुरडत नाही, बिया चेचू देत नाही, व रस काढताच पेला भरते. लिंबाचा रस साखरेच्या पाकात महिनोगणती टिकतो. मोसंबीचे पेय त्या त्या हंगामात व त्या त्या घटकेलाच करावे लागते. हंगामीपणा येथे शोभेचा भाग नसून पाकक्रियेचाच नियम आहे.

४. सरबत, शराब आणि शिकंजबीन

अरबीत 'पिणे' या अर्थाचा एक धातू आहे. त्यापासून 'शराब' व 'शरबत' हे दोन्ही शब्द सिद्ध होतात. मूळ अर्थ दोहोंचाही 'पेय' एवढाच. फारसीत 'शराब' मद्यार्थी रूढ झाला व 'शरबत' गोड पेयापुरता उरला. याच धातूची संतती युरोपीय भाषांत 'सिरप', 'शर्बेट' आणि 'श्रब' या रूपांनी आढळते. यांपैकी 'श्रब' म्हणजे लिंबूवर्गीय फळाचा रस, साखर व रम यांचे मिश्रण. दोन वेगळ्या झालेल्या बहिणी तेथे पुन्हा एका पेल्यात भेटल्या. मराठीने मात्र त्या दोघींत कधी गल्लत होऊ दिली नाही. 'सरबत' हा शब्द बायकामुलांच्या तोंडी सहज असतो. 'शराब' परकाच राहिला.

'शिकंजबीन' हा तिसरा शब्द. फारसी 'सिरका' आणि 'अंगबीन', म्हणजे शिर्का व मध, यांचा हा समास. युनानी वैद्यकातून तो हिंदुस्थानात आला. कालांतराने शिर्क्याची जागा लिंबाने घेतली, मधाची साखरेने. 'शिकंजी' हे नाव तेवढे उरले. नाव जुने व घटक नवे, हा प्रकार पेयांच्या इतिहासात वारंवार दिसतो.

बीड शहरात आणि जिल्ह्यातील इतर मोठ्या गावांत ही पेये दोन्ही धर्मांच्या घरांत सारख्याच प्रमाणे होत आली आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात आंब्याची डाळ व पन्हे. रमजानच्या रोजा सोडण्याच्या वेळी सरबत. मोहरमात वाटसरूंसाठी सबील. 'पन्हे' हा शब्द संस्कृत 'पानका'चा वंशज, 'सरबत' अरबी, 'सबील'ही अरबी. शब्द तीन, पण देणाऱ्याचा हेतू एकच : उन्हातून आलेल्यास गारवा द्यावा. या तिन्ही प्रसंगी मद्यास स्थान नाही, आणि तिन्ही पेये विकावयाची नसून वाढावयाची असतात.

५. पाचवा घटक : अर्क, दारू आणि गुत्ता

पंचातील पाचवी वस्तू जी मद्य, तिची मराठीतील नावे तपासली असता निराळेच चित्र दिसते. अरबी 'अरक' म्हणजे घाम. भट्टीच्या भांड्यावर थेंब जमतात त्यावरून गाळलेल्या द्रवास हे नाव मिळाले. युरोपीयांनी त्याचे 'अरॅक' केले व ते मद्यवाचक झाले. मराठीत तोच शब्द 'अर्क' होऊन ओव्याचा अर्क, आल्याचा अर्क असा औषधाच्या फडताळात जाऊन बसला. फारसी 'दारू' म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. एकट्या 'दारू'ला मात्र मद्य व स्फोटक चूर्ण हे दोनच अर्थ उरले. घरात राहिलेला शब्द औषधी राहिला, घराबाहेर गेलेला बदनाम झाला.

या बदनामीचे कारण शोधू लागता 'गुत्ता' हा शब्द निर्णायक ठरतो. तेलुगू व कन्नड भाषांशी संबंध असलेला हा शब्द हैदराबाद संस्थानात मक्ता किंवा ठेका या अर्थी चाले. मराठवाड्यात ठेकेदारास 'गुत्तेदार' म्हणण्याची वहिवाट आजही आहे. दारू गाळण्याचे व विकण्याचे हक्क गुत्त्याने दिले जात. त्यामुळे 'दारूचा गुत्ता' या शब्दप्रयोगातील मूळचा कराराचा अर्थ लोपून 'दारू विकण्याची जागा' एवढाच अर्थ मराठीत सर्वत्र पसरला. एका महसुली संज्ञेचे असे अर्थांतर व्हावे, यावरून मद्य हे घरची वस्तू नसून सरकार व ठेकेदार यांची वस्तू होती, ही जाणीव जनमानसात किती खोल होती ते कळते. कौटिल्याने तर गृहस्थांस विशेष प्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा दिली होती. ती मुभा मक्त्याच्या पद्धतीत राहिली नाही.

या जाणिवेस राजकीय धारही आली. १९४७ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने निजामी राजवटीविरुद्ध जो लढा पुकारला त्याच्या कार्यक्रमात शिंदीची झाडे तोडणे हे एक कलम होते. आबकारीच्या उत्पन्नावर घाव घालणे हा त्याचा हेतू. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे १९३५ पासून काही वर्षे याच जिल्ह्यातील अंबाजोगाईस शिक्षणकार्य करीत होते.

अंबाजोगाईचे निजामी काळातील नाव मोमिनाबाद. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती व १९०३ मध्ये ते सैन्य हिंदी फौजेत विलीन होईपर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांचा वावर तेथे असे. परंतु कंटिंजंटला निश्चित स्वरूप देणारा तह १८५३ चा. तोवर इंग्रजांतही पंचाचा बहर ओसरून ब्रँडी-पाणी व सोडा यांचा काळ सुरू झाला होता. म्हणजे देशी पानकापासून घडलेले ते पेय जिल्ह्याच्या दाराशी आले तेव्हा उतरणीस लागले होते, आणि आले तेही छावणीच्या कुंपणाआड. बीडच्या घरांस ते परके वाटले यात नवल नाही. आज या राज्यात मद्याचे नियमन १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने होते. घरी दारू गाळण्यास त्यात मनाई असून विकत घेतलेले मद्य पिण्यासही परवाना लागतो. पेल्यातील चार वस्तू स्वयंपाकघरातील व पाचवी शासनाच्या कक्षेतील, हा भेद कायद्यानेही कायम ठेवला आहे.

६. बहार आणि पाणी

चार घरगुती घटकांपैकी पाण्याचा विचार अद्याप राहिला आहे. आणि बीड जिल्ह्यात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

फळबागांच्या भाषेत झाडास फूल येण्याच्या हंगामास 'बहार' म्हणतात. शब्द फारसी, अर्थ वसंत. शेतकऱ्याने त्यास आपल्या नक्षत्रांची नावे जोडून 'मृग बहार', 'हस्त बहार' असे मिश्र समास केले आणि आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत येणाऱ्यास 'आंबे बहार' म्हटले. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबे बहाराची मोसंबी नऊ-दहा महिन्यांनी हाती येते. जून-जुलैतील मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. लिंबाचा हस्त बहार साधला तर भर उन्हाळ्यात, सरबताची ओढ सर्वाधिक असते तेव्हा, फळ मिळते. बहार धरण्यापूर्वी झाडाचे पाणी तोडतात. पाने पिवळी पडून गळतात. नंतर पाणी देताच झाड फुलते. या क्रियेस 'ताण देणे' ही संज्ञा आहे. तहान ही या फळाच्या जन्माची अट आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ताण शेतकऱ्याने दिलेला असावा लागतो. पावसाने जो ताण दिला त्यास मराठीत 'ओढ' म्हणतात, आणि त्याचा शेवट फुलात होत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्याने ते वारंवार अनुभवले आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने बीडजवळ बांधविलेली खजाना विहीर आपल्या भुयारी कालव्यांनी शेतीबागांस पाणी पुरवीत आली. १९७६ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या उजव्या कालव्याचे पाणी गेवराई-माजलगावकडे आले. तरीही २०१२-१३ च्या दुष्काळात जालना, औरंगाबाद व बीड या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या. कोणी टँकरच्या पाण्यावर झाडे जगविली, कोणी वर्षानुवर्षे सांभाळलेली झाडे आपल्या हाताने तोडली. जालन्याच्या मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या आपत्तीनंतर.

साखरेचीही गोष्ट येथे जोडली पाहिजे. आंबे बहाराची मोसंबी ज्या दिवसांत तोडली जाते त्याच सुमारास जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पेल्यातील आंबट रस बीडच्या बागेत पिकतो आणि गोडीचे श्रम बीडचे लोक परमुलखी जाऊन करतात. दोन्हींच्या मुळाशी पाण्याचा अभावच असतो.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. लिंबूवर्गीय मिश्रपेय हे मुळात आपल्या घरांतील पानक होय. सतराव्या शतकात वखारींतील परदेशीयांनी त्यात मद्य मिसळले व त्यास पंच हे नाव पडले. ते नाव व वस्तू जगभर फिरून कॉकटेलच्या रूपाने परतली. बीडच्या भाषेत पन्हे, सरबत, अर्क हे शब्द घरात राहिले, आणि दारू व गुत्ता हे घराबाहेर. जो कोणी आज आपल्या घरी हंगामी मोसंबी-लिंबाचे पेय करतो, मग त्यात पाचवी वस्तू घालो वा न घालो, तो कोणाचे अनुकरण करीत नसून एक जुनी रीत चालवीत असतो.

जाता जाता एका शब्दाकडे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. मद्यावरील करास 'आबकारी' म्हणतात. त्यातील 'आब' हा फारसी शब्द पाणी या अर्थाचा. राजसत्तेच्या भाषेत पाणी म्हणजे दारू झाले, कारण उत्पन्न तिच्यात होते. बीडच्या घरात मात्र पाणी या शब्दाचा अर्थ पाणी असाच राहिला आहे. दारी आलेल्यास प्रथम तेच विचारतात, आणि उन्हाळ्यात त्यात लिंबू पिळणे हा त्याचा मान समजतात.